किल्ली कोणाकडे? : परदेशातल्या दुसऱ्या घराच्या अभ्यासाची प्रस्तावना

आमच्या दाराआड, वीजमीटरच्या पेटीशेजारी, सहा खिळ्यांची एक लाकडी पट्टी आहे. त्यांतल्या चार खिळ्यांवर ज्या किल्ल्या लटकतात त्या आमच्या घराच्या नाहीत. एक न्यू जर्सीतल्या कुटुंबाची, एक सिंगापूरकरांची, एक इंग्लंडातल्या रेडिंगला राहणाऱ्या बाईंची. चौथीचं पुढे सांगतो. माणसं तिकडे, त्यांची घरं इकडे पुण्यात कोथरूडमध्ये, आणि किल्ल्या माझ्याकडे. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. पण परदेशातली दुसरी घरं हा विषय मला विद्यापीठाने दिला नाही, या पट्टीने दिला. त्यामुळे या विषयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला मी ग्रंथालयात नेण्याआधी तिसऱ्या मजल्यावरच्या एका बंद घरात नेतो.

आठ महिने बंद असलेलं घर उघडलं की आधी वास येतो. बाथरूमच्या जाळीखालच्या वाकड्या नळीत एरवी पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास अडवतं. वापर थांबला की एप्रिल-मेच्या उन्हात ते पाणी आटतं, आणि वासाबरोबर झुरळांनाही रस्ता मोकळा होतो. म्हणून आत शिरल्यावर मी पहिल्यांदा प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओततो. मग खिडक्या. फ्रिजच्या दारात घडी घातलेला पंचा अडकवलेला असतो, दार बंद होऊन आत बुरशी धरू नये म्हणून. तो पंचा पडलेला तर नाही ना, हे बघायचं. भिंतीवरचं कालनिर्णय फेब्रुवारीच्या पानावर थांबलेलं. गॅलरीत कबुतरांचा संसार. दाराखालून वॉचमनने सरकवलेली बिलं: महावितरणचं, महापालिकेचं, सोसायटीचं. पायाखाली येऊ नयेत म्हणून ती उचलायची, फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवायची. तिकडून उत्तर येतं ते आपल्या मध्यरात्री: ‘काका, थँक यू. बाकी सगळं जसंच्या तसं आहे ना?’

या ‘जसंच्या तसं’पाशी आपला विषय सुरू होतो. मालकाच्या मनातलं घर म्हणजे त्याने कुलूप लावलं त्या दिवशीचं घर. प्रत्यक्षातलं घर रोज थोडं बदलत असतं, आणि तो बदल फक्त किल्लीवाल्याला ठाऊक असतो. परदेशातलं दुसरं घर ही मालकीची बाब आहे असं खरेदीखत म्हणतं. माझ्या मते ती गैरहजेरीची बाब आहे. आपण नसताना घर कसं टिकवायचं, आपण नसताना आपल्या वतीने सही कोणी करायची, आपण किती दिवस असलो तर चालतं आणि कोणत्या दिवसापासून ‘फारच असलो’ असं ठरतं, या तीन प्रश्नांभोवती सगळे कायदे, सगळे कर आणि बरीचशी भांडणं फिरतात.

विषय तसा तरुण आहे. १९७७ साली जे. टी. कॉपॉक या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने ‘सेकंड होम्स: कर्स ऑर ब्लेसिंग?’ हा लेखसंग्रह संपादित केला, आणि शाप की वरदान हा त्याच्या नावातला प्रश्न पुढे कित्येक वर्षं अभ्यासकांच्या मानगुटीवर बसून राहिला. त्या पिढीचं लक्ष मुख्यतः देशातल्या देशात होतं: शहरातल्या माणसाने खेड्यात घेतलेलं घर, स्वीडनमधली सोमारस्तुगा, नॉर्वेतली हित्ते, रशियातला दाचा. घर सरहद्दीपलीकडे असलं की काय होतं, याचा बारकाईने विचार नंतर झाला. स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठात डीटर म्युलर यांनी स्वीडनच्या ग्रामीण भागात घरं घेणाऱ्या जर्मनांवर प्रबंध लिहिला, तो १९९९चा. म्युलर आणि सी. मायकेल हॉल यांनी २००४मध्ये संपादित केलेला ग्रंथ आज या विषयाचं प्रवेशद्वार मानला जातो. शेजारच्या वाटेने कॅरन ओ’रायली यांनी स्पेनच्या किनाऱ्यावरच्या ब्रिटिशांवर लिहिलं (२०००), आणि मिशेला बेन्सन यांनी फ्रान्सच्या लॉत परगण्यातल्या ब्रिटिशांवर (२०११). ही शेवटची दोन पुस्तकं तिकडे राहायलाच गेलेल्यांविषयी आहेत. सुट्टीचं घर निवृत्तीचं घर कधी होतं आणि निवृत्तीचं घर विकून माणूस मायदेशी कधी परततो, या सीमारेषा किती पुसट असतात ते त्यांतून दिसतं.

हे सगळं वाचावं. पण मराठी वाचकाने ते वाचताना एक गोष्ट विसरू नये. या अभ्यासांतलं दुसरं घर बहुधा विरंगुळ्यासाठी घेतलेलं असतं. पहिलं घर कामाचं, दुसरं सुखाचं. आपल्याकडे क्रम उलटा आहे, आणि त्यासाठी आपल्या भाषेत दोन शब्द आधीपासून आहेत: घर आणि बिऱ्हाड. गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत चाकरमान्याचं बिऱ्हाड असे, घर कोकणात. वर्षाचे अकरा महिने तो बिऱ्हाडात राही, पण ‘घरी कधी जाणार?’ या प्रश्नाचं उत्तर गणपतीची किंवा शिमग्याची तारीख असे. ते बंद घर, वाडीतल्या भावकीकडे ठेवलेली किल्ली, गणपतीच्या चार दिवस आधी येऊन केलेली साफसफाई, आणि ‘या वर्षी आलास नाहीस’ हा टोमणा, या सगळ्याला परदेशी विद्यापीठांत आता बहुस्थानिक वास्तव्य म्हणतात. सरकारी फॉर्म आणि संशोधकाची प्रश्नावली जिथे जास्त दिवस राहता त्याला पहिलं घर म्हणतात. चाकरमान्याने ती प्रश्नावली भरली असती तर त्याचं घर दुसऱ्या रकान्यात गेलं असतं. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी माणसाचंही तसंच होतं. तिकडचं चार बेडरूमचं, कर्ज फेडून झालेलं घर त्याचं पहिलं, आणि आई-वडिलांच्या पश्चात बंद असलेला कोथरूडचा फ्लॅट दुसरा. अलीकडे वर्तमानपत्रांतल्या पानभर जाहिरातींनी ‘सेकंड होम’ हे शब्द कर्जत-अलिबागच्या बंगल्यांना चिकटवून टाकले आहेत, त्याने गोंधळात भरच पडली आहे.

आता दिवसांकडे येऊ, कारण परदेशातल्या घरमालकाची पहिली झोप उडते ती दिवस मोजताना.

ब्रिटिश माणसाचं फ्रान्समधलं घर हे या अभ्यासातलं जुनं, चांगलं तपासलेलं उदाहरण आहे. युरोपीय संघात असेपर्यंत त्याला तिकडे किती दिवस राहायचं हे विचारणारं कोणी नव्हतं. १ जानेवारी २०२१पासून तो परका झाला आणि शेंगेनचा, म्हणजे आपसांतल्या सरहद्दी खुल्या केलेल्या युरोपीय देशांचा, नियम त्याला लागू झाला: कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. ऐकायला सोपं, मोजायला अवघड, कारण हे १८० दिवस जानेवारीपासून किंवा आगमनापासून मोजत नाहीत. आजपासून मागे मोजतात, आणि उद्या पुन्हा उद्यापासून मागे. येण्याचा दिवस धरायचा, जाण्याचाही धरायचा.

कागद-पेन्सिल घेऊन बघा. फ्रान्सच्या दोर्दोन्यमध्ये घर असलेलं एक ब्रिटिश जोडपं १ मार्चला तिथे पोहोचलं. छपराची दोन कौलं बदलली, बाग खणली, मे महिन्याचा आनंद घेतला आणि २९ मेला परत निघालं. मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे २९, मिळून ९०. कोटा संपला. आता पुन्हा कधी जाता येईल? मागचे १८० दिवस मोजताना १ मार्च ज्या दिवशी खिडकीबाहेर पडेल त्या दिवशी, म्हणजे २८ ऑगस्टला. जून, जुलै आणि जवळजवळ पूर्ण ऑगस्ट हे दोघे इंग्लंडात, आणि त्यांनी लावलेले पीच तिकडे झाडावर पिकून शेजाऱ्यांच्या पोटात. जास्त राहायचं असेल तर फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठी अर्ज, विम्याचा कागद, उत्पन्नाचा पुरावा. पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के पुसट असत आणि अधिकारीही कंटाळलेले असत, त्यामुळे चार-दोन दिवस इकडेतिकडे खपून जात. १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सरहद्दींवर चेहरा आणि बोटांचे ठसे घेणारी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. यंत्राला कंटाळा येत नाही.

आपल्या एडिसनकराचा हिशोब याहून गुंतागुंतीचा आहे, कारण त्याला दोन्हीकडून मोजतात. त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर अमेरिकेबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिल्यावर परतताना प्रश्न विचारले जातात, आणि वर्षाच्या पुढे गेल्यास मुक्काम सोडल्याचा निष्कर्ष काढला जाऊ शकतो. इकडे भारताचं आयकर खातं आर्थिक वर्षातले १८२ दिवस मोजतं. आणि तुमचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर २०२०पासून १८२च्या जागी १२० हा आकडा आला आहे. भाडं, ठेवींचं व्याज आणि वडिलांचे शेअर मिळून पंधरा लाख आजकाल फार मोठी गोष्ट राहिलेली नाही. डिसेंबरच्या लग्नाला आलेला, आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी थांबलेला आणि मग फेब्रुवारीत घराचं वॉटरप्रूफिंग करून घेणारा मुलगा आकड्यांच्या कुठल्या बाजूला पडेल हे त्याला मार्चमध्ये कळतं. न्यू जर्सीच्या माझ्या मित्राने कालनिर्णयच्या चौकटींत दोन रंगांच्या पेनांनी खुणा केलेल्या मी पाहिल्या आहेत. एकादशीच्या शेजारी निळी फुली, म्हणजे भारतात. लाल, म्हणजे तिकडे.

घर विकत कोणी घ्यावं, यावर देशोदेशींचे नियम वाचताना त्या त्या समाजाला कशाची भीती वाटते ते समजतं. डेन्मार्कला जर्मनांची भीती वाटली. जटलंडच्या वाळूच्या किनाऱ्यावरची उन्हाळी घरं श्रीमंत शेजारी उचलून नेईल या धास्तीने, १९९२च्या मास्त्रिख्त करारात इतर सगळ्या दारांना मोकळीक देतानाही डेन्मार्कने एक स्वतंत्र पुरवणी जोडून घेतली आणि परक्यांच्या घरखरेदीवरचा आपला कायदा टिकवला. मेक्सिकोच्या १९१७च्या राज्यघटनेने किनाऱ्यापासून ५० आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परक्याला थेट मालकी नाकारली. आज तिथे घर घेणारा अमेरिकन बँकेच्या नावावरच्या ५० वर्षांच्या न्यासाचा लाभार्थी असतो, कागदोपत्री मालक नसतो. स्वित्झर्लंडने ११ मार्च २०१२ला सार्वमत घेतलं, आणि कुठल्याही गावात दुसऱ्या घरांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाऊ नये हा प्रस्ताव जेमतेम, ५०.६ टक्के मतांनी मंजूर झाला. कॅनडाने २०२३पासून आणि ऑस्ट्रेलियाने, जुन्या घरांपुरती, एप्रिल २०२५पासून परक्यांच्या खरेदीवर काही वर्षांची बंदी घातली आहे. पोर्तुगालने २०२३मध्ये आणि स्पेनने २०२५मध्ये, घर घ्या आणि वास्तव्याचा परवाना मिळवा ही खिडकी बंद केली. दुबई मात्र २००२पासून परक्यांना बोलावते आहे, आणि २० लाख दिरहमच्या घरामागे दहा वर्षांचा व्हिसा देते. मुंबईहून तीन तासांवरचं ते शहर मराठी मध्यमवर्गाच्या बोलण्यात येऊ लागलं त्याचं हे एक कारण.

तिकडे पैसे कसे न्यायचे हा भाग मी थोडक्यात आटोपतो, कारण तो सनदी लेखापालाचा प्रांत आहे आणि आकडे दर अर्थसंकल्पात हलतात. भारतात राहणाऱ्या माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात. २००४मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा २५ हजार होती. घरातल्या प्रौढांनी आपापल्या मर्यादा एकत्र करून फ्लॅट घेणं ही रूढ पद्धत. पाठवताना १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के कर बँक आधीच कापून घेते, तो विवरणपत्रात नंतर जुळवता येतो. आणि ते घर दरवर्षी विवरणपत्रात दाखवावं लागतं. विसरल्यास २०१५च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो, घरावर एक पैसा भाडं येत नसलं तरीही.

उलट दिशेच्या वाटेवर मात्र थांबायला हवं, कारण आपले बहुतेक वाचक किंवा त्यांची मुलं तिथे उभी आहेत. अनिवासी भारतीयाला आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डधारकाला भारतात घर, दुकान घेता येतं. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आली तर ठेवता येते. त्यामुळे सॅन होजेतल्या संगणक अभियंत्याचं नाव राजापूर तालुक्यातल्या सात-बाऱ्यावर तेवीस सामाईक नावांच्या रांगेत असतं, आणि त्याला विकायचीच झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकावी लागते. शिवाय महाराष्ट्रात घेणाराही शेतकरी असायला हवा. फ्लॅट विकणं त्यामानाने सोपं, पण तिथेही अडतं. विकणारा इथला असेल तर घेणारा एक टक्का कर कापून मोकळा होतो. विकणारा अनिवासी असेल तर त्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नाही तर घेणाऱ्याला पूर्ण किमतीवर भरभक्कम कर कापून भरावा लागतो, आणि ते करणं त्याच्या डोक्यावर येतं. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारच्या फ्लॅटचा व्यवहार या एका कारणाने दोनदा ठरून मोडला.

या सगळ्या व्यवहारांचा कणा म्हणजे कुलमुखत्यारपत्र. हा शब्दच पाहा: कुल, म्हणजे सगळा, आणि मुखत्यार, म्हणजे ज्याच्या हाती अधिकार. पुण्यातल्या वकिलाने मसुदा करायचा, तो ईमेलने जायचा. तिकडे छापून नोटरीसमोर सही, मग त्या राज्याच्या कार्यालयातून अपोस्टील, म्हणजे नोटरीची सही खरी असल्याचा दाखला. किंवा सरळ भारतीय वकिलातीत जाऊन सही. मूळ कागद कुरिअरने इकडे. इकडे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यायचा. मी एकदा ही मुदत पाच दिवसांनी चुकवली आहे, आणि त्यानंतर एका कार्यालयाच्या बाकावर बसून पूर्ण एक दिवाळी अंक वाचला आहे. विद्यार्थ्याने इथे लक्षात घ्यावं ते एवढंच, की कुल आणि विशेष यांत फरक आहे, आणि जाणते लोक आता विशेषच करतात: हा फ्लॅट, हे काम, इतकी मुदत. कुलमुखत्यारपत्राच्या जोरावर घरं परस्पर फिरवली जात; सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये स्पष्ट केलं की अशा पत्राने मालकी हस्तांतरित होत नाही. आणि लिहून देणारा वारला की त्याच क्षणी पत्र संपतं. मालक ह्यूस्टनला अतिदक्षता विभागात आणि मुखत्यार हवेली तालुक्याच्या नोंदणी कार्यालयाच्या रांगेत, हा प्रसंग काल्पनिक वाटेल, नाही.

मृत्यूचा विषय निघालाच आहे तर गोव्याला जाऊ या, पण फ्रान्सच्या वाटेने. फ्रान्समध्ये घर घेणाऱ्या इंग्रजाला नोटेअरच्या, म्हणजे तिथल्या नोटरीच्या, टेबलावर कळतं की मृत्युपत्राने हवं त्याला सगळं देता येत नाही. नेपोलियनच्या १८०४च्या संहितेपासून मुलांचा वाटा राखीव आहे: एक मूल असेल तर निम्मा, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश. इंग्रज त्याने चक्रावतो. गोव्याचा माणूस चक्रावणार नाही. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कायद्याने त्यालाही निम्मी मालमत्ता वारसांसाठी राखायला लावली आहे, शिवाय लग्नानंतर सगळं नवरा-बायकोचं सामाईक. आता साल्सेतमधलं एक जुनं घर घ्या. पुढे बलकांव, म्हणजे बसायची ओसरी, आत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, मागे विहीर. आजोबांची पाच मुलं: एक लिस्बनला, एक मुंबईला, एक नैरोबीहून पुढे टोरांटोला, एक पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडच्या स्विंडनला, एक गावात. प्रत्येकाचा जोडीदार, प्रत्येकाची मुलं. वाटणीसाठी इन्व्हेंटरीची प्रक्रिया काढावी लागते. २०१२च्या कायद्याने तिला नवं रूप दिलं, पण सह्या कमी केल्या नाहीत. घर पडायला आलं तरी विकता येत नाही, आणि विकता येत नाही म्हणून दुरुस्त कोणी करत नाही. त्याच गल्लीच्या टोकाला दिल्लीकराचा तरणतलाववाला नवा व्हिला आहे. वर्षाचे दहा महिने दोन्ही बंद. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ‘दुसरी घरं’; एकाचं कुलूप पैशाने लागलेलं, दुसऱ्याचं नात्याने. आपल्या विषयातला एखादा उत्तम प्रबंध या गल्लीत पडून आहे, आणि तो कोकणी-मराठी जाणणाऱ्याने लिहावा असं मला फार वाटतं.

प्रवासाबद्दल दोन शब्द. अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं हे भूगोलाच्या पहिल्या वर्षातच शिकवतात, पण घरमालक ते विमानाच्या वेळापत्रकातून शिकतो. १९९७पर्यंत युरोपातली विमानवाहतूक पूर्ण खुली झाली, आणि लिमोज, बेर्जराक, कार्कासोन अशा लहान विमानतळांवर लंडनहून स्वस्त विमानं उतरू लागली. त्या विमानांच्या मागोमाग घरं विकली गेली. एखादी फेरी बंद झाली की तेच घर रातोरात चारशे किलोमीटर लांब जातं, आणि किंमत त्याच्याबरोबर. पुणं-न्यू जर्सी या वाटेवर अंतर ठरवते ती शाळेची सुट्टी आणि डिसेंबरचं तिकीट. चौघांची तिकिटं काढण्यापेक्षा किल्लीवाल्या काकांना फोन करणं स्वस्त.

आणि आता तो किल्लीवाला. मला वाटतं, अभ्यासकांनी त्याच्यावर अन्याय केला आहे. मालकांच्या मुलाखती भरपूर. गावच्या सरपंचाच्या, इस्टेट एजंटच्याही. पण थंडी पडण्याआधी स्वीडनमधल्या जर्मनाच्या घरातले नळ रिकामे कोण करतं? पाणी आत गोठलं तर पाइप फुटतो आणि वसंतात जमीन उखडलेली मिळते. ते काम शेजारचा शेतकरी करतो, मोबदल्यात बहुधा एखादी बाटली घेतो, आणि कुठल्याही तक्त्यात त्याची नोंद नसते. इथे तसं काम मोलकरणीच्या ओळखीची बाई करते, महिन्यातून एकदा केर आणि लादी. मी सही करतो, ती घर जिवंत ठेवते.

किल्लीवाल्याच्या कामात नव्याने भर पडली आहे ती ओटीपीची. घराची सगळी बिलं, बँक, आयकर हे सगळं एका भारतीय मोबाइल क्रमांकाला बांधलेलं. तो क्रमांक ९० दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. योगायोग बघा, ब्रिटिश माणूस ९० दिवसांपेक्षा जास्त राहू शकत नाही म्हणून हैराण, आपला माणूस ९० दिवसांपेक्षा जास्त गप्प राहू शकत नाही म्हणून. सिंगापूरकरांचं सिमकार्ड त्यामुळे आमच्या जुन्या फोनमध्ये असतं. दर महिन्याला मी त्यावरून आमच्याच घरी फोन करतो, बायको उचलते, ‘झालं?’ विचारते, आणि मी ‘झालं’ म्हणतो.

सोसायटीची बाजूही ऐकावी. घर भाड्याने दिलं तर बिनभोगवटा शुल्क घेता येतं, पण २००१च्या शासन आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. नुसतं बंद ठेवलं तर तेही नाही. बंद घर पाणी वापरत नाही, पार्किंगवरून भांडत नाही, पैसे वेळेवर देतं. आदर्श सभासद. फक्त वार्षिक सभेला गणसंख्या भरत नाही, लिफ्टच्या निर्णयाला मत मिळत नाही, आणि मालमत्ता करात स्वतः राहणाऱ्याला मिळणारी पुणे महापालिकेची ४० टक्के सवलत अशा घराला लागू करायची का, यावर चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. वेल्समध्ये हाच वाद फार पुढे गेला. १९७९च्या डिसेंबरपासून पुढची बारा-तेरा वर्षं तिथे इंग्रजांची सुट्टीची घरं पेटवली गेली, दोनशेच्या वर. आता आग नाही, कर आहे: एप्रिल २०२३पासून तिथल्या स्थानिक संस्थांना दुसऱ्या घरावर नेहमीच्या कराच्या वर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर आकारता येतो. फ्रान्सने राहत्या घरावरचा वास्तव्यकर २०२३पर्यंत रद्द केला, दुसऱ्या घरावर तो ठेवला, आणि घरांची टंचाई असलेल्या गावांना त्यावर ५ ते ६० टक्के अधिभाराची मुभा दिली. संध्याकाळी ज्या खिडकीत दिवा लागत नाही तिच्याबद्दल गावाला काय वाटतं, हे या आकड्यांतून वाचता येतं. कोकणातल्या वाडीत अशा खिडक्या कितीतरी आहेत. तिथे मात्र राग दिसत नाही. अंधाऱ्या घराचा मालक भावकीतलाच असतो.

या पुस्तकातले लेख या सगळ्या वाटांनी जातात, काही माझ्याशी भांडतही जातात. कायद्याचा सल्ला म्हणून ते वापरू नयेत. त्यासाठी वकील आहेत आणि ते फी घेतात. विद्यार्थ्यांना माझा आग्रह एवढाच, की पहिला स्वाध्याय आपल्याच इमारतीत करावा. बंद दारं मोजा. प्रत्येक दाराची किल्ली कोणाकडे आहे ते शोधा. वॉचमनला सगळं माहीत असतं. मग त्या किल्लीवाल्याकडे चहाला जा आणि विचारा: शेवटचं कधी उघडलंत, आत काय दिसलं, कोणाला सांगितलंत, काय सांगितलं नाहीत. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी वही तयार ठेवा. मी स्वतः न्यू जर्सीकरांना त्यांच्या आईच्या कपाटाला लागलेल्या वाळवीचं दोन महिने सांगितलं नव्हतं.

पट्टीवरची चौथी किल्ली राहिली. तिच्या दोऱ्याला पुठ्ठ्याचा तुकडा आहे आणि त्यावर मालकाच्या अक्षरात ‘बी-४, वरचं कुलूप, दोनदा फिरवणे’. मालक मेलबर्नला असतात. तो फ्लॅट त्यांनी चार वर्षांपूर्वी विकला. नव्या लोकांनी पहिल्याच दिवशी कुलूप बदललं. किल्ली कोणी परत मागितली नाही. मेलबर्नहून दिवाळीला फोन येतो तेव्हा ते अजून विचारतात, पावसाळ्यात त्या खोलीत ओल येते का. मी सांगतो, येते थोडी.